सायलेन्सरवरचा लेप: दिघ्याच्या एका डिझेल मेकॅनिकचं प्रकरण

दिघ्यात राहणारे ५८ वर्षांचे एक निवृत्त डिझेल मेकॅनिक २०१९ च्या सुरुवातीला माझ्याकडे आले. क्षयाची औषधं तिसऱ्यांदा सुरू करायची की नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वर्कशॉपात त्यांना सगळे फिटरकाका म्हणत, मीही इथे तेच म्हणतो. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी व्यवसायजन्य आरोग्याचा डॉक्टर म्हणून काम करतो. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण म्हणजे काकांचा आजार तीन वर्षं त्यांच्या छातीच्या फिल्मवर दिसत होता, तरी त्याचं नाव कोणी घेतलं नाही. ते त्यांच्या कामाच्या तपशिलात होतं आणि तो तपशील कोणी विचारलाच नव्हता.

तक्रार आणि आधीचे उपचार

२०१६ मध्ये कोरडा खोकला सुरू झाला. पुढे इलठणपाड्याचा चढ चढताना दम लागू लागला. मग सपाटीवरही दोनदा थांबावं लागायला लागलं. पहिल्या एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांच्या खालच्या भागात बारीक रेषांचं जाळं होतं आणि दोन्हीकडे छातीच्या आतलं आवरण जाड झालं होतं. रिपोर्टात लिहिलं होतं, ‘ओल्ड कॉक्स’, म्हणजे जुना क्षय. थुंकीत जंतू सापडले नाहीत. क्षयाच्या संसर्गासाठी त्वचेवर करतात ती मांटू चाचणी पॉझिटिव्ह आली, पण आपल्याकडे प्रौढांपैकी कितीतरी जणांची ती येते. सहा महिने एकेटी, म्हणजे क्षयाची औषधं झाली, फरक शून्य. २०१८ मध्ये दुसऱ्या ठिकाणी पुन्हा तीच औषधं सुरू केली. लिव्हरचे एन्झाइम वाढले आणि ती मध्येच थांबवावी लागली.

क्षयाचा संशय घेणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. खोकला, दम आणि डागाळलेली फिल्म घेऊन आलेल्या माणसात आधी क्षयच शोधायला हवा. पण दोनदा औषध देऊन उपयोग झाला नाही, दोन्ही वेळा जंतू मिळाले नाहीत, ताप नाही, वजन फारसं उतरलेलं नाही. एवढं झाल्यावर तरी प्रश्न बदलायला हवा होता.

तपासताना बोटांची टोकं फुगीर दिसली. पाठीवर खाली स्टेथोस्कोप ठेवून खोल श्वास घ्यायला सांगितला, तर श्वासाच्या शेवटी वेल्क्रोची पट्टी हळूहळू सोडवावी तशी चरचर दोन्ही बाजूंना ऐकू आली. स्पायरोमेट्रीत फोर्स्ड व्हायटल कपॅसिटी अपेक्षेच्या ५८ टक्के होती, पण एका सेकंदातल्या श्वासाचं तिच्याशी गुणोत्तर चांगलं होतं. म्हणजे नळ्या अरुंद नव्हत्या, फुप्फुसच आक्रसलं होतं. वायू रक्तात जाण्याची क्षमता ४९ टक्क्यांवर आली होती. सहा मिनिटं चालवल्यावर ऑक्सिजन ९६ वरून ८८ वर उतरला.

एचआरसीटीत, म्हणजे फुप्फुसांच्या बारीक छेदांच्या सीटी स्कॅनमध्ये उरलेलं चित्र उलगडलं. खालच्या भागात आवरणालगत तंतुमय, म्हणजे व्रणासारख्या कडक झालेल्या भागाच्या रेषा होत्या. त्याहून महत्त्वाचे होते प्लाक, म्हणजे बरगड्यांच्या आतल्या बाजूला आणि श्वासपटलाच्या घुमटावर बसलेले, कॅल्शियम साचलेले चपटे टणक चट्टे. ते दोन्हीकडे होते. फुप्फुसांचे शेंडे मोकळे होते, खालचे कोन भरलेले नव्हते. क्षयामुळे आवरण जाड झालं तर ते बहुतेक वेळा एकाच बाजूला होतं आणि कोन बुजवतं. क्षयाचे जुने व्रण शेंड्याकडे असतात. दोन्ही बाजूंना श्वासपटलावर कॅल्शियमचे असे चट्टे दिसले की पहिला प्रश्न अ‍ॅस्बेस्टॉसचाच, म्हणजे उष्णता रोखायला वापरल्या जाणाऱ्या त्या तंतुमय खनिजाचाच यायला हवा.

आणि तो आला होता. आधीच्या एका कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: ‘अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध नाही.’

कामाचा इतिहास

मी काकांना विचारलं, तेव्हा नेमकं काय झालं होतं? ते म्हणाले, “डॉक्टरांनी विचारलं, अ‍ॅस्बेस्टॉसचं काम केलंय का? मी सांगितलं, नाही. पत्र्याचं काम आपण कधी केलंच नाही.”

त्यांचं उत्तर प्रामाणिक होतं. ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, अ‍ॅस्बेस्टॉस म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे शेडवरचे सिमेंटचे पत्रे येतात. आज देशात येणाऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचा मोठा भाग पत्र्यांतच जातो, त्यामुळे हा समज वावगाही नाही. म्हणून मी रुग्णाला अ‍ॅस्बेस्टॉसबद्दल थेट विचारतच नाही. काकांना म्हटलं, “सकाळी वर्कशॉपात शिरल्यापासून इंजिनाचं हेड उतरेपर्यंत तुम्ही काय काय करायचात, ते एकेक करून सांगा.”

त्यांचं पहिलंच वाक्य होतं: “आधी लेप फोडायचा. त्याशिवाय मॅनिफोल्डच्या नटाला पान्हा लागणार कसा?”

आयटीआयतून डिझेल मेकॅनिकचा ट्रेड करून ते १९८१ मध्ये टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका इंजिन दुरुस्तीच्या वर्कशॉपात हेल्पर म्हणून लागले. भोवतालच्या रसायन आणि रंगांच्या कारखान्यांना स्वतःची वीज लागे. वीज गेली की रिअ‍ॅक्टरमधला माल वाया जाई. त्यासाठी बसवलेली कितीतरी इंजिनं जुनी, संथ फिरणारी, सेकंडहँड घेतलेली आणि काही तर मोडीत निघालेल्या जहाजांवरून उतरवलेली होती. त्यांचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, टर्बो आणि सायलेन्सरकडे जाणारा पाइप उष्णता रोखायला गुंडाळलेला असे. आधी दोरी, तिच्यावर कापड आणि वरून हाताने थापलेला जाड लेप. याला लॅगिंग म्हणतात. ओव्हरहॉलची सुरुवात ते फोडण्यापासून व्हायची.

काकांनी खुर्चीतच हात पुढे करून दाखवलं: डाव्या हातात छिन्नी, उजव्यात हातोडी, पाइप खांद्याच्या उंचीवर, तोंड पाइपापासून हातभर अंतरावर. सुकलेला लेप तुकड्यातुकड्यांनी निघायचा आणि उरलेली भुकटी खाली पडायची. दोरी उलगडताना तिचे तंतू हवेत तरंगायचे. शेडला एका बाजूने पंखा होता, तो दिवसभर चालू. मग हेल्परने झाडू मारायचा. फटीत अडकलेली धूळ काढायला कॉम्प्रेसरची हवा मारायची. इंजिन पुन्हा बसलं की गोणीतली कोरडी पावडर घमेल्यात ओतून, पाणी घालून हातानेच कालवायची आणि नवा लेप थापायचा. गोणी उपडी करतानाचं वर्णन सांगताना ते स्वतःहून म्हणाले, “तेव्हा समोरचा माणूस दिसायचा नाही.”

पहिली सहा वर्षं हे सगळं त्यांच्याच वाट्याला होतं, कारण लेप फोडणं, झाडणं आणि पावडर कालवणं हे हेल्परचं काम मानलं जाई. वर्कशॉपात ज्याचा पगार सर्वांत कमी, त्याच्या छातीत धूळ सर्वांत जास्त. हे मी या पट्ट्यात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे आणि मला ते पटवून घेता येत नाही.

१९८७ नंतर ते फिटर झाले. लेप फोडणं कमी झालं आणि गॅस्केटचं काम वाढलं. तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असलेलं हेड गॅस्केट, पाइपांच्या जोडांना जॉइंट शीट आणि पाण्याच्या पंपाला दोरीचं पॅकिंग. जॉइंट शीट कापायची पद्धत आजही जुन्या मेकॅनिकांच्या हातात आहे. शीट फ्लँजवर ठेवायची आणि बॉल पिन हातोडीच्या गोल तोंडाने कडेवर ठोकत जायचं, म्हणजे बोल्टची भोकं बरोबर जागेवर पडतात. यात धूळ थोडी. खरी धूळ जुनं गॅस्केट काढताना. भाजून चिकटलेलं गॅस्केट आधी स्क्रॅपरने खरवडायचं, मग ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून फ्लँज चकचकीत करायचा.

इथे थोडं थांबून तुलना करायला हवी, कारण काकांच्या आजाराचं मूळ कोणत्या धुळीत आहे, ते इथे कळतं. गॅस्केट शीटमधला तंतू रबरात बांधलेला असतो आणि बहुतेक वेळा तो क्रायसोटाइल, म्हणजे पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस असतो. हाताने सोलून काढलं तर धूळ फार उडत नाही, तारेचा ब्रश लावला की गणित बदलतं. लॅगिंगमधला तंतू मात्र सैल, भुसभुशीत असतो. उष्णतारोधनासाठी, विशेषतः जहाजांवर, अमोसाइट म्हणजे तपकिरी अ‍ॅस्बेस्टॉसही वापरला जाई. तो अ‍ॅम्फिबोल गटातला, सरळ सुईसारखा, आणि फुप्फुसात क्रायसोटाइलपेक्षा कितीतरी जास्त काळ टिकतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार माणसात कर्करोग करणारे म्हणून पहिल्या गटात ठेवले आहेत, त्यामुळे ‘पांढरा चालतो’ असं कोणी म्हणू नये. पण काकांच्या फुप्फुसातल्या तंतुमयतेचं मोठं कारण पहिल्या सहा वर्षांतला लेप आहे, असं माझं मत झालं आणि अजूनही आहे.

या धुळीला वास नाही आणि ती झोंबत नाही. मिरचीची पूड उडाली तर माणूस पळतो. इथे पळायचं काही कारण नव्हतं. मोजणीत धरला जाणारा तंतू पाच मायक्रॉनपेक्षा लांब आणि तीन मायक्रॉनपेक्षा बारीक असतो, म्हणजे जो खरा घातक तो डोळ्यांना दिसतच नाही. आणि परिणाम दिसायला दहा-वीस-चाळीस वर्षं जातात. काकांच्या बाबतीत पहिल्या धुळीपासून पहिल्या खोकल्यापर्यंत ३५ वर्षं गेली.

१९९८ मध्ये वर्कशॉप बंद पडलं. पुढे २०१४ पर्यंत ते कंत्राटावर जनरेटर सर्व्हिसिंग करत राहिले. तिथली इंजिनं नवी होती, त्या काळातून फारसं काही निघालं नाही. बिडी १९९५ ला सुटली, तंबाखू-चुना अजून आहे.

पुरावा

निदान एका गोष्टीवर उभं राहतं, हक्काचा दावा दुसऱ्या. माझ्यासाठी चट्टे, तंतुमयता, कामाचा इतिहास आणि ३५ वर्षांचं अंतर एवढं पुरेसं होतं. दावा मंजूर करणाऱ्या कार्यालयाला कागद लागतो.

कागद तीन ठिकाणांहून जमला. काकूंनी रेशनकार्डाच्या पिशवीतून ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचं जुनं ओळखपत्र आणि भविष्य निर्वाह निधीच्या पावत्या काढल्या, त्यातून १९८१ ते १९९८ ची नोकरी सिद्ध झाली. काकांच्या जोडीने काम केलेल्या एका फिटरने ओव्हरहॉलची वही जपून ठेवली होती. त्यात इंजिन नंबर, तास, बदललेले भाग आणि मधूनमधून अशी नोंद: ‘सायलेन्सर लॅगिंग काढले, नवीन लेपन, २ गोणी.’ मला वाटतं, या प्रकरणात माझ्या सीटी रिपोर्टपेक्षा त्या वहीने जास्त काम केलं.

तिसरा पुरावा उभाच होता. त्याच वहीतलं एक इंजिन रबाळ्याच्या एका प्लॉटवर ताडपत्रीखाली पडून होतं, लॅगिंगसकट. मालकाच्या परवानगीने नमुना घेतला. आधी जागेवर साबण घातलेलं पाणी फवारून ती पूर्ण भिजवली, नखाएवढा तुकडा काढला, दोन पिशव्यांत बंद केला आणि उघडी पडलेली जागा टेपने झाकली. प्रयोगशाळेने ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून अमोसाइट आणि क्रायसोटाइल दोन्ही असल्याचं कळवलं.

१९८० च्या दशकात त्या शेडमध्ये हवेत तंतू किती होते, हे आता कोणीही मोजू शकत नाही. म्हणूनच अशा आजारांच्या निदानासाठी तज्ज्ञांनी ठरवलेले १९९७ चे हेलसिंकी निकष महत्त्वाचे ठरतात. मोजमाप उपलब्ध नसेल, तर तपशीलवार घेतलेला कामाचा इतिहास ते ग्राह्य धरतात.

दावा

कारखान्यात काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या माणसात सूचित रोगाचा, म्हणजे सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या रोगाचा संशय आला, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरने मुख्य निरीक्षकाला विनाविलंब लेखी कळवायचं, असं कारखाने अधिनियम, १९४८ चं कलम ८९ सांगत होतं. अ‍ॅस्बेस्टोसिस, म्हणजे या धुळीने होणारी फुप्फुसाची तंतुमयता, त्या यादीत होता. न कळवल्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड. ‘पूर्वी केलेल्या’ हे शब्द मी मुद्दाम लिहितो आहे, कारण निवृत्त माणसाबद्दल कळवायचं नसतं असा समज डॉक्टरांत सर्रास आहे. मी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला तसं पत्र दिलं. नोव्हेंबर २०२५ पासून हे कायदे नव्या कामगार संहितांत गेले आहेत. इथली कलमं त्या वेळची आहेत.

विमा काळातला आजार म्हणून अर्ज ईएसआयकडे केला. दुसरा रस्ता नव्हताच. कामगार ईएसआयखाली विमित असेल, तर कलम ५३ नुसार त्याला त्याच आजारासाठी मालकाकडून नुकसानभरपाईच्या कायद्याखाली दावा करता येत नव्हता.

पहिलं उत्तर तोंडी आलं: डिझेल मेकॅनिक हा धंदा अ‍ॅस्बेस्टॉसच्या यादीत नाही. हे ऐकून काका उठून निघाले होते. त्यांना पुन्हा बसवलं आणि ईएसआय कायद्याची तिसरी अनुसूची उघडून दाखवली. तिथे रोगासमोर कोणत्याही धंद्याचं नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं की ज्या कामात त्या धोक्याशी संपर्क येतो ते सगळं काम. धंदा कोणताही असो, लेप फोडला हे सिद्ध झालं की पुरे. अर्ज लेखी घ्यायला लावला.

दुसरा आक्षेप वैद्यकीय होता आणि तो गंभीरपणे घ्यायलाच हवा होता. बिडी ओढणाऱ्या, साठीजवळच्या पुरुषात कारण न सापडणारी फुप्फुसाची तंतुमयता होते, सीटीवर ती अगदी अशीच दिसू शकते. मग हीच कशावरून? उत्तर चट्ट्यांत होतं. बिडीने असे चट्टे होत नाहीत आणि कारण न सापडणाऱ्या तंतुमयतेतही ते नसतात. उलट बाजूही ईएसआयच्या विशेष वैद्यकीय मंडळासमोर मी मांडली: नुसते चट्टे म्हणजे अ‍ॅस्बेस्टोसिस नव्हे. ते थोड्या संपर्कानेही येतात, बहुतेकांना त्रास देत नाहीत आणि त्यांचा कर्करोग होत नाही. इथे चट्टे, तंतुमयता, घटलेली क्षमता आणि नोंदवलेला मोठा संपर्क चारही एकत्र होते. करोनामुळे सगळं लांबलं. २०२२ मध्ये मंडळाने आजार व्यवसायजन्य असल्याचं मान्य केलं आणि कायम अपंगत्वाचा लाभ सुरू झाला. रक्कम मोठी नाही, पण आयुष्यभराची आहे आणि ती मिळवताना काकांना कोणापुढे हात पसरावा लागलेला नाही.

एक गोष्ट मला फार खटकते. २७ जानेवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर निकाल देताना कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगाने प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा ती संपल्यापासून १५ वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत ठेवावी, असंही सांगितलं. मोठा निकाल. पण तो अ‍ॅस्बेस्टॉस बनवणाऱ्या उद्योगाच्या दारातून आत जातो. ज्यांनी दुसऱ्याने बनवलेला लेप फोडला, त्या फिटर, बॉयलरवाले आणि लॅगरच्या नोंदी कोणी ठेवायच्या? काकांच्या नशिबाने एका सहकाऱ्याने वही ठेवली. आरोग्य यंत्रणा एका फिटरच्या वहीवर उभी राहू नये.

घर आणि सोबती

तपशील घेताना काकूंनी मध्येच सांगितलं, “ह्यांच्या डांगऱ्या मीच धुवायचे. आधी दारात झटकायचे, मग बादलीत टाकायचे.” त्यांना काही त्रास नव्हता, तरी एक्स-रे आणि मग सीटी केला. उजव्या बाजूला दोन लहान चट्टे आहेत, फुप्फुस स्वच्छ आहे. त्यांना घाबरवायचं कारण नाही, हे मी वेळ घेऊन समजावलं, दरवर्षी तपासणी मात्र ठरवली. त्यांच्यासाठी अर्ज करायला जागा नाही. विमा काकांचा होता, धूळ दोघांना मिळाली.

काकांची तंतुमयता परतवता येत नाही. त्यांचं औषध फुप्फुस आणखी आक्रसण्याचा वेग कमी करतं. त्याबरोबर फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसी झाल्या, श्वासाचे व्यायाम चालू आहेत आणि चालताना ऑक्सिजन लागतो. क्षयाची औषधं तिसऱ्यांदा सुरू केली नाहीत.

रबाळ्याचं ते इंजिन मालकाला भंगारात विकायचं होतं. भंगारवाल्याच्या पोरांनी ते कोरडंच फोडलं असतं, अगदी १९८१ सारखं. मालकाला प्रयोगशाळेचा रिपोर्ट दाखवला, तेव्हा तो तयार झाला. जागा प्लॅस्टिकने बंद केली, लॅगिंग भिजवत भिजवत काढलं, कामगारांना पी-१०० फिल्टरचे मास्क आणि फेकून देण्याचे सूट दिले, हवा मारायला आणि कोरडा झाडू लावायला सक्त मनाई केली. दुहेरी पिशव्यांत सील केलेला कचरा तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात गेला. खर्च मालकाने केला, कुरकुर न करता.

वहीत नावं असलेल्या जुन्या सोबत्यांपैकी जे सापडले त्यांना काकांनीच फोन करून बोलावलं. पाच जण आले. दोघांना चट्टे निघाले, त्यातल्या एकाला तंतुमयताही आहे आणि तोही एकदा क्षयाची औषधं घेऊन बसला आहे. दोघंही सुरुवातीला हेल्पर होते. दोघांचे अर्ज गेले आहेत, सोबत वहीच्या पानांच्या साक्षांकित प्रती जोडून.